आरशात अजून बारीकच दिसतो, ट्रेनर म्हणतो कोर्स घे, तर घेऊ का?

एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, उंची १७० सेंटीमीटर, वजन ७८ किलो, चार वर्षं नियमित व्यायाम, जिममधलं मशीन चरबी १४ टक्के दाखवतं. घरचे म्हणतात आता बास झालं, मित्र डोले दाबून बघतात, पण याला स्वतःला आरशात बारीकच वाटतं, टी-शर्ट काढायची लाज वाटते, मित्र पोहायला गेले तरी हा जात नाही. टार्गेट १०० किलोचं. आणि जिममधला ट्रेनर सांगतोय की नॅचरल जेवढं व्हायचं तेवढं झालं, आता बारा आठवड्यांचा स्टेरॉइडचा कोर्स मार, टेस्ट म्हणजे टेस्टोस्टेरॉनची आणि डेकाची इंजेक्शनं आणि वर डायनाबॉलच्या गोळ्या, सगळी स्नायू वाढवणारी स्टेरॉइडच. तर एकदाच घेतला तर चालेल का, आणि साइझ किती येईल?

मी मुंबईत परळ-लालबागच्या पट्ट्यात बरीच वर्षं मुलांना व्यायाम शिकवतोय, स्पर्धेसाठी तयार करतोय, आता जज म्हणून पण बसतो. असा प्रश्न घेऊन दर सीझनला कोणीतरी येतंच. माझं उत्तर नको असंच आहे, पण नुसतं नको म्हटलं की मुलं माझ्याकडून उठतात आणि दुसऱ्याकडे जाऊन टोचून घेतात, म्हणून सगळं नीट लिहितो, लांबलं तरी वाच.

आधी तुझाच हिशोब करू. ७८ किलोतले १४ टक्के चरबीचे काढले की उरतात साधारण ६७ किलो. त्याला तुझ्या मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने, म्हणजे २.८९ ने भाग, २३.२ येतात. याला एफएफएमआय म्हणतात, चरबी सोडून तुझ्या उंचीला किती शरीर आहे त्याचा आकडा. व्यायाम न करणाऱ्या साधारण तरुणाचा हा आकडा १९-२० च्या आसपास असतो. म्हणजे तू आत्ताच तुझ्याच उंचीच्या साध्या मुलापेक्षा नऊ ते बारा किलो जास्त स्नायू अंगावर घेऊन फिरतोयस आणि वर म्हणतोस मी बारीक. मशीन दोन-तीन टक्के इकडेतिकडे दाखवतं हे धरलं तरी चित्र बदलत नाही.

आता वरची बाजू बघ. अमेरिकेत १९९५ साली कौरी, पोप वगैरे संशोधक मंडळींनी १५७ खेळाडू तपासले, त्यातले ८३ स्टेरॉइड घेणारे आणि ७४ न घेणारे. न घेणाऱ्यांचा आकडा साधारण २५ च्या आसपास येऊन थांबत होता, घेणारे बरेच जण त्याच्या पुढे होते. त्यांनी १९३९ ते १९५९ मधल्या, म्हणजे स्टेरॉइड सर्रास मिळायच्या आधीच्या, मिस्टर अमेरिका विजेत्यांचा पण अंदाज काढला, सरासरी २५.४. आता २५ ही काही दगडावरची रेघ नाही, एखादा जन्मजात जाड हाडाचा माणूस थोडा वर जातो, आणि उंचीप्रमाणे एक बारीक दुरुस्ती असते ती मी इथे सोडून दिलीय. पण तुझ्यासाठी २५ म्हणजे साधारण ७२ किलो बिनचरबीचं शरीर, १२ टक्के चरबी धरली तर वजन ८२ किलो. आणि तुझे ते १०० किलो, त्याच १२ टक्क्यांवर? आकडा येतो ३०.४. नॅचरल माणूस जिथे थांबतो त्याच्याही वर जवळपास १६ किलो नुसते स्नायू. म्हणजे तू जे टार्गेट लिहिलंयस ते मेहनतीने गाठायचं टार्गेटच नाही, ते औषधाचं टार्गेट आहे, आणि ते सुद्धा एका कोर्सचं नाही, वर्षानुवर्षं एकावर एक कोर्स मारत राहण्याचं. हे तुझ्या ट्रेनरला माहीत असणार. तुला त्याने सांगितलं का?

मग हे १०० किलो तुझ्या डोक्यात आले कुठून. आपल्याकडे मनोहर आईच होते, उंची जेमतेम चार फूट अकरा इंच, १९५२ साली लंडनला मिस्टर युनिव्हर्समध्ये त्यांच्या गटात पहिले आले आणि शंभरी ओलांडून २०१६ साली गेले. त्यांच्या आदल्याच वर्षी मनतोष रॉय यांनी तो किताब आणला होता. त्या काळात शरीर बघताना लोक बांधा बघायचे, कमर बघायची, पोझमधला ताल बघायचे. १९७७ ते ७९ लागोपाठ तीन वर्षं मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगचा सगळ्यात मोठा किताब, जिंकणारा फ्रँक झेन स्टेजवर ८४-८५ किलोचा असायचा. अरनॉल्ड श्वार्झनेगर चांगला सहा फुटांवर उंच, तो १०७ च्या आसपास. मग १९९२ पासून डोरियन येट्स आला, त्याची उंची अरनॉल्डपेक्षा बरीच कमी आणि वजन ११६-११७. १९९८ पासून रॉनी कोलमन, सलग आठ वेळा जिंकला, २००३ ला स्टेजवर जवळपास १३० किलो, उंची पाच फूट अकरा. वीस-पंचवीस वर्षांत त्याच किताबाचा माणूस ४५ किलोने वाढला. माणसाची हाडं-स्नायू काही एवढ्यात बदलत नाहीत, मधल्या काळात ग्रोथ हॉर्मोन आलं, इन्सुलिन आलं, डोस वाढले. पोटं पुढे यायला लागली, खुद्द अरनॉल्डने २०१५ साली आपल्याच नावाच्या स्पर्धेत जाहीर तक्रार केली की ही बाटलीसारखी शरीरं आता बघवत नाहीत. पुढच्याच वर्षी ऑलिंपियात क्लासिक फिजिक हा गट आला, ज्यात उंचीप्रमाणे वजनाला मर्यादा घातलीय. म्हणजे नुसत्या साइझमागे जाऊन काय झालं ते त्या खेळाच्या पंढरीतल्या लोकांनाच दिसलं.

आणि हे फक्त स्टेजपुरतं राहिलं नाही. पोप यांनीच लहान मुलांच्या बाहुल्या मोजल्या होत्या, जी आय जो नावाचा सैनिक. १९६४ चा बाहुला खऱ्या माणसाच्या उंचीचा केला तर त्याचा दंड साधारण १२ इंच येत होता, नव्वदीच्या शेवटच्या बाहुल्याचा जवळपास २७ इंच. खेळण्याचा दंड कोलमनपेक्षा मोठा! आता तर बाहुल्याची पण गरज नाही, मोबाइल उघडला की दिवसभर तेच. सारखं एकाच प्रकारचं शरीर बघत राहिलं की डोळ्याला तेच नेहमीचं वाटायला लागतं, यावर प्रयोग झालेत, आणि मी तर रोज बघतो, वर्षभर फक्त मोठ्या पोरांच्या रील्स बघणाऱ्या मुलाला स्वतःचा सोळा इंची दंड काडी वाटतो.

ते फोटो कसे तयार होतात ते पण ऐक, कारण मी त्या पडद्याच्या मागे उभा असतो. आपल्याकडे डिसेंबर ते मार्च सीझन, कुठल्यातरी शाळेचा वर्ग मोकळा करून बाकं भिंतीला लावलेली, तिथे पोरं उघडी उभी. आदल्या दिवसापासून पाणी जवळपास बंद, मीठ बंद. एकजण दुसऱ्याच्या पाठीला स्पंजने तो काळपट टॅन, म्हणजे स्टेजवर लावायचा रंग, चोपडतोय. नाव पुकारायला वेळ असला की कोपऱ्यात रबराची पट्टी ओढून पंप काढणं, म्हणजे स्नायूत रक्त भरून ते फुगवणं, मधेच जॅम लावलेला ब्रेड किंवा चिक्कीचा तुकडा, पिंडरीला गोळे येतात म्हणून कोणीतरी पाय ताणून धरलेला. मग ते पोरगं स्टेजवर जातं, वरून लाइट, दीड मिनिट, क्लिक. तोच मुलगा चार दिवसांनी माझ्याकडे येतो तेव्हा पाणी भरून चेहरा सुजलेला, घोट्यावर मोज्याची खूण उठलेली असते. तुझ्या फोनमध्ये जो फोटो आहे तो त्या दीड मिनिटाचा, आणि तू त्याच्याशी तुलना करतोस ती सकाळी दात घासताना बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली दिसणाऱ्या स्वतःची.

आणि एक गोष्ट मला कायम खटकते. एकदा असंच ७० किलोच्या गटात पहिला आलेला मुलगा, गळ्यात मेडल, हातात ट्रॉफी, घामाने टॅन ओघळतोय, खाली उतरल्या उतरल्या मला विचारतो, सर, बाजूच्या नंबरपेक्षा मी लहान दिसत होतो का हो? पहिला आलेला मुलगा! बाजूचा तिसरा होता. तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघितलं, पोरगं खरंच घाबरलेलं होतं.

तुझ्या प्रश्नात मला तेच दिसतंय म्हणून एवढं लिहितोय. तुला साइझ हवीय असं तू लिहिलंयस, पण अर्धा प्रश्न वाचला तर तू लाजेबद्दल बोलतोयस. याला डॉक्टरी भाषेत मसल डिस्मॉर्फिया म्हणतात. पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बॉडीबिल्डर मुलांमध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं, तेव्हा त्यांनी त्याला उलटा अ‍ॅनोरेक्सिया म्हटलं होतं, म्हणजे तिकडे हाडाची काडी झालेली मुलगी स्वतःला जाडी समजते तसं इकडे धिप्पाड मुलगा स्वतःला बारीक समजतो. १९९७ ला आत्ताचं नाव दिलं आणि २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, डीएसएम-५ मध्ये, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरचा एक प्रकार म्हणून त्याची नोंद आहे. तुला तो आहेच असं मी म्हणत नाही, ते ठरवणं मानसोपचार तज्ज्ञाचं काम. पण लक्षणं सांगतो, स्वतःशी ताडून बघ. दिवसातून कितीतरी वेळा आरसा, दुकानाची काच, गाडीची काच, किंवा मग आरसा टाळणंच. अंग झाकणारे कपडे. व्यायाम चुकेल म्हणून लग्नाला, गावाला न जाणं. दुखापत असताना वजन मारत राहणं. बाहेरचं एक जेवण झालं तर पूर्ण दिवस डोकं फिरलेलं. कोणी कौतुक केलं तर ते खोटं वाटणं.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, ९४ किलोचा, तीन कोर्स करून झालेले. मे महिन्यात, मुंबईच्या त्या घामात, एकावर एक तीन टी-शर्ट आणि वर जॅकेट घालून व्यायाम करायचा, का तर एका टी-शर्टमध्ये खांदे बारीक दिसतात. खिशात शिंप्याची टेप, सकाळी उठल्यावर दंड मोजायचा, रात्री मोजायचा, पाव इंच कमी भरला की त्या दिवशी ऑफिसला दांडी. सख्ख्या बहिणीच्या हळदीतून निघून जिमला आला होता, अंगाला हळद तशीच. मी विचारलं किती व्हायचंय तुला, तर म्हणाला ११०. आधी ८० म्हणत होता, मग ९०, मग १००. प्रत्येक वेळी तो तिथे पोचला, आणि प्रत्येक वेळी आरशात तोच बारीक मुलगा उभा होता. शेवटी त्याला मानसोपचार तज्ज्ञाकडे घेऊन गेलो, औषध आणि थेरपी दोन्ही चालली, बराच वेळ लागला, पण आता तो एका टी-शर्टमध्ये येतो. वजन ८१ आहे त्याचं.

तर मुद्दा हा आहे की बारीकपणा तुझ्या दंडात नाही, तो बघण्यात आहे, आणि इंजेक्शन बसतं ते कमरेखाली, डोळ्यापर्यंत ते पोचत नाही.

आता कोर्सबद्दल खरं सांगतो. तो काम करतो. जे ट्रेनर नॅचरल मुलांना घाबरवायला म्हणतात की स्टेरॉइडने नुसतं पाणी भरतं, ते अर्धवट बोलतात, आणि मुलगा दुसऱ्याच महिन्यात मित्राचं शरीर बघतो आणि आपल्यावरचा विश्वास उडतो. १९९६ साली भसीन यांनी अमेरिकेत ४३ पुरुषांवर अभ्यास केला, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, दहा आठवडे. नुसता व्यायाम केलेल्यांचं बिनचरबीचं वजन दोन किलोच्या आसपास वाढलं. नुसतं इंजेक्शन घेऊन व्यायाम न केलेल्यांचं तीन किलोच्या वर. दोन्ही केलेल्यांचं सहा किलो. म्हणजे सुई घेऊन घरी बसलेला माणूस, घाम गाळणाऱ्यापेक्षा जास्त वाढला. यावरून हे पण समजून घे की तू ज्यांच्याशी तुलना करतोस त्यांच्यापुढे तू आळशी नाहीस, तुझं डाएट चुकलेलं नाही, तुम्ही दोघं वेगवेगळ्या खेळात आहात.

पण बाराव्या आठवड्यानंतर काय होतं ते ट्रेनर सांगत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं पुरेसं आहे, तिथून अंडकोषाला जाणारे एलएच आणि एफएसएच हे दोन संदेश बंद होतात. स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं थांबतं, अंडकोष आक्रसतात, शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर येतात. कोर्स संपला की बाहेरचं बंद आणि आतलं अजून सुरू झालेलं नाही, अशी मधली पोकळी येते. कोणाला काही महिने, कोणाला वर्षापेक्षा जास्त, आणि काहींचं पूर्ण परत येतच नाही. या काळात काय होतं? पाणी उतरतं, पंप जातो, दर आठवड्याला अंगावरून साइझ गळताना दिसते. ताकद कमी, झोप नाही, इच्छा नाही, मन एकदम खाली, काही मुलांच्या डोक्यात जीव देण्यापर्यंतचे विचार येतात. आता विचार कर, जो मुलगा ७८ किलोवर, हॉर्मोन ठणठणीत असताना स्वतःला बारीक समजतो, तो या खड्ड्यात उभा राहून आरशात बघेल तेव्हा त्याला काय दिसेल. तिथेच तो म्हणतो, सर, फक्त एक अजून. म्हणून 'एकदाच' या शब्दावर माझा विश्वास नाही. एकदाच घेऊन थांबलेले असतात, नाही असं नाही, पण ते बहुतेक आधीपासून स्वतःच्या शरीरावर खूश असलेले, फक्त एका स्पर्धेपुरते घेणारे. लाजेपोटी घेणारा मुलगा थांबताना मी फार कमी पाहिलाय.

आणि लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी जुनी पोरं माझ्याकडे हळू आवाजात विचारायला येतात, सर, रिपोर्टमध्ये शुक्राणूंचा काउंट निल आलाय, काही सांगता येईल का. बायकोला कोर्सचं माहीत नसतं, सासरी सगळा दोष तिच्या माथी मारून झालेला असतो, मंदिरं-डॉक्टर सगळं करून झालेलं. ही गोष्ट कुठल्या फिटनेस व्हिडिओत सांगत नाहीत, पण आपल्या घरात सगळ्यात जास्त भोगायला हीच लागते, आणि जिने काही घेतलं नाही तिला भोगायला लागते, याचा मला खूप राग येतो.

छातीचं पण सांगतो. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि निपलखाली गाठ धरते, ती एकदा घट्ट झाली की सर्जरीशिवाय जात नाही. आत्ता तुला टी-शर्ट काढायची लाज वाटते ना.

हृदयाचं थोडक्यात, कारण तू आधी वाचलेलं असशील. २०१७ साली बॅगिश यांच्या टीमने वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणारे ८६ आणि न घेणारे ५४ वेटलिफ्टर तपासले. हृदय प्रत्येक ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा न घेणाऱ्यांचा ६३ होता, घेणाऱ्यांचा ५२. शिवाय हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर जास्त. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॅलस मॅकार्व्हर हा बॉडीबिल्डर गेला, वय २६, तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. शवविच्छेदनात त्याचं हृदय ८३३ ग्रॅम भरलं, साधारण पुरुषाचं ३००-३५० असतं. हृदय पण स्नायूच आहे, तो पण वाढतो, फक्त तो वाढलेला आरशात दिसत नाही. १९९६ ला आंद्रेआस म्युन्झर हा बॉडीबिल्डर ३१ व्या वर्षी गेला, स्पर्धेनंतर अवघ्या काही दिवसांत. रॉनी कोलमन जिवंत आहे, मोठ्या मनाचा माणूस, पण पाठीच्या आणि खुब्याच्या सर्जऱ्यांवर सर्जऱ्या होऊन आता कुबड्या आणि व्हीलचेअरवर असतो, त्यात मोठा वाटा त्याने उचललेल्या राक्षसी वजनांचा आहे, आणि ती वजनं तो का उचलत होता ते तुला कळेल.

आपल्याकडचं अजून एक. जिममध्ये तुला कोणी 'टर्मिन' देऊ केलं तर हातही लावू नकोस. ते मेफेंटरमाइन, ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिल्यावर बीपी पडलं तर ते वर आणायचं इंजेक्शन. व्यायामाआधी टोचलं की अंगात वारं भरल्यासारखं होतं, शिरा फुगतात, म्हणून पोरं घेतात आणि मग त्याच्याशिवाय डंबेल उचलवत नाही अशी सवय लागते. पुण्या-मुंबईकडे पोलिसांनी आणि अन्न-औषध प्रशासनाने साठे पकडल्याच्या बातम्या सारख्या येतात तरी मिळतंच. तसंच दंडात तेल भरणं, सिंथॉल. त्याने स्नायू वाढत नाही, स्नायूत तेलाची पिशवी होते, पू होतो, चिरा द्यायला लागतात. आणि तुझा ट्रेनर ज्या बाटल्या देईल त्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे याची खात्री त्याला स्वतःला पण नसते. हे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं औषधच नाही, तरी बारा हजार पगाराच्या ट्रेनरला एका कोर्समागे जे सुटतं ते महिन्याच्या पर्सनल ट्रेनिंगमध्ये सुटत नाही, मला त्याची पण परिस्थिती कळते, पण तुझ्या लाजेवर त्याने धंदा करावा हे मला मान्य नाही.

आता काय करायचं ते. पहिलं म्हणजे रोजचं मोजणं बंद. दंड, वजन, आरसा सगळं. झोप कमी झाली, जेवणात मीठ जास्त पडलं, भात कमी खाल्ला, एवढ्यानेच एका दिवसात किलो-दीड किलो वर-खाली होतं, स्नायूत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर, म्हणजे साठवलेल्या साखरेबरोबर, साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, ते कमी-जास्त झालं की तुला वाटतं साइझ गेली. वजन आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी, टेप महिन्यातून एकदा, फोटो पण महिन्यातून एकदाच, तीच भिंत, तोच लाइट, पंप न काढता. दोन फोटोंमध्ये फरक काय ते तू ठरवायचं नाही, ज्याला व्यायामातलं कळतं आणि ज्याला तुला काही विकायचं नाही अशा माणसाला दाखव.

दुसरं, सहा महिने लक्ष्य साइझचं ठेवूच नकोस, ताकदीचं ठेव. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच, पुलअप्स, वहीत लिहून. बारवर १०० किलो आहेत की नाहीत यात डोळ्याला फसायला जागा नसते. चार वर्षं झालेल्या नॅचरल मुलाला वर्षाला दीड-दोन किलो स्नायू वाढले तर ती चांगली प्रगती आहे, हे आधीच मान्य करून ठेव म्हणजे तिसऱ्या महिन्यात निराश होणार नाहीस. प्रोटीन वजनाच्या किलोला १.६ ग्रॅम पुरे, तुझ्यासाठी १२५ ग्रॅमच्या आसपास. सहा अंडी, पाव किलो चिकन, दोन वाट्या मटकी-चवळी, दूध-दही, यातच ते बसतं, चिकन खात नसशील तर सोया चंक्स आणि पनीर. क्रिएटिन रोज तीन ते पाच ग्रॅम घेतलंस तर चालेल, किडनीचा काही त्रास नसेल तर. मास गेनर म्हणजे वजन वाढवायच्या पावडरचा डबा आणू नकोस, त्यात बहुतेक साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेसारखीच भुकटी असते.

तिसरं, मोबाइलमधली ती सगळी अकाउंट्स अनफॉलो कर. पोरं यावर हसतात, पण माझ्या अनुभवात सगळ्यात लवकर फरक यानेच पडतो.

आणि एकदा मानसोपचार तज्ज्ञाला भेट. वेड लागलंय म्हणून नाही, गुडघा दुखला की ऑर्थोकडे जातोस तसं. या आजारावर सीबीटी नावाची, विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी आणि काही गोळ्या चांगल्या चालतात, जॅकेटवाल्या मुलाचं मी सांगितलंच. लगेच जमत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आधीच कोर्स चालू केला असेल तर घाबरून लपवू नका, हॉर्मोनच्या डॉक्टरकडे म्हणजे एंडोक्रायनोलॉजिस्टकडे जा, काय घेतलं, किती, किती दिवस ते खरं सांगा, रक्ताच्या तपासण्या आणि टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. आणि सोडल्यावर मन फार खाली गेलं तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा, तो औषध सुटल्याचा परिणाम असतो, त्याच्यावर उपचार होतो.

बायकांना, मुलींना असंच शरीर आवडतं असं मुलांना वाटतं त्यावर पण पोप यांचा अभ्यास आहे, २००० सालचा. अमेरिका, फ्रान्स आणि ऑस्ट्रियातल्या मुलांना विचारलं तर त्यांना स्वतःपेक्षा साधारण १३ किलो जास्त स्नायूचं शरीर हवं होतं, आणि बायकांना पण तेच आवडत असणार असं त्यांना वाटत होतं. बायकांना विचारलं तर त्यांनी साध्या माणसाचं शरीर निवडलं. तुझ्या प्रश्नात ही गोष्ट कुठे नाही, पण प्रश्नांच्या मागे बरेचदा असते म्हणून लिहिली.

राहिलं स्टेजचं, म्हणजे तुला मनातून कधी स्पर्धा करायची असेल तर. आपल्याकडच्या स्पर्धा वजनी गटात होतात, ५५ किलोपासून वर ९० प्लसपर्यंत, त्यामुळे १०० किलो हवेत असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. तू चरबी उतरवून ७० च्या गटात व्यवस्थित उभा राहू शकतोस. जज म्हणून सांगतो, आम्ही आधी बघतो ती कमर आणि खांद्याचं प्रमाण, मांड्यांचे कट, पाठ, आणि पोझिंग. पोझिंगमध्ये निम्मी पोरं मार खातात कारण सगळा वेळ डोल्यांवर घालवलेला असतो. ओव्हरऑलच्या, म्हणजे सगळ्या गटांच्या विजेत्यांच्या फेरीत मोठ्या वजनाच्या मुलाला फायदा होतो हे खरंय आणि बरीच पोरं त्यासाठीच कोर्सकडे वळतात, मला ते आवडत नाही पण आहे ते आहे, तुला त्या फेरीचा विचार आत्ता करायचं कारण नाही. पण हे सगळं मानसोपचार तज्ज्ञाशी बोलून झाल्यावर, त्यांनी हो म्हटलं तरच, कारण स्पर्धेआधीचे ते बारा-पंधरा आठवडे उपाशी राहून रोज आरशासमोर उभं राहण्याचेच असतात, आणि आत्ता तुला नेमकं तेच झेपणार नाही. ते हो म्हणाले तर दिवाळीनंतर ये, चार आठवडे फक्त पोझिंग घेऊ.